थंडी घशात उतरते तेव्हा

दरवर्षी उन्हाळी सुट्टी संपता संपता आमच्या ओपीडीत एक ठरावीक रुग्ण येतो. वय पंचविशी-तिशी, अंगकाठी काटक, नाकावरची आणि गालांवरची कातडी उन्हानं सोलवटलेली. हिमालयात ट्रेक करून आलेला असतो आणि खोकल्यानं बेजार झालेला असतो. ताप नाही, बेडका नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ. पण रात्र रात्र झोप नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका तरुणाची खोकून खोकून बरगडी मोडली होती. हातापायांची बोटं मात्र त्यानं जिवापाड जपली होती. एकावर एक दोन हातमोजे, तीन पायमोजे, सगळं शिस्तीत. थंडी बोटांना चावते एवढंच त्याला ठाऊक होतं. ती श्वासाबरोबर आत उतरते आणि घसा आतून सोलून काढू शकते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी गर्दी कमी होती, म्हणून त्याला मी डॉ. हॉवर्ड सॉमरव्हेल यांची हकिगत सांगितली. एव्हरेस्ट म्हटलं की मॅलरी आणि आयर्विन ही नावं आपल्या तोंडी येतात. त्यांच्याच मोहिमेत हा सर्जन होता, आणि त्याच्या कामाच्या आयुष्यातला मोठा भाग भारतात, एका खेडेगावातल्या इस्पितळात गेला. आज त्यांच्याविषयी जरा सविस्तर.

थिओडोर हॉवर्ड सॉमरव्हेल यांचा जन्म १६ एप्रिल १८९० चा, उत्तर इंग्लंडमधल्या केंडल गावचा. घरचा बुटांचा कारखाना होता. आजूबाजूला डोंगर आणि तळी, त्यामुळे कडे चढण्याचा नाद लहानपणीच लागला. चित्रकला आणि संगीत हे आणखी दोन नाद, आणि तेही नुसते हौसेपुरते नव्हेत. केंब्रिजला निसर्गविज्ञानात पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये वैद्यक शिकले. घरच्या कारखान्यात बसले असते तर आयुष्य सुखात गेलं असतं. पण तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं.

१९१५ ते १९१८ ते फ्रान्समध्ये लष्करी वैद्यकीय सेवेत होते. १९१६ च्या जुलैत सोम नदीकाठची लढाई सुरू झाली, तेव्हा त्यांच्या छावणीतल्या शस्त्रक्रियेच्या तंबूत चार सर्जन होते आणि बाहेर कित्येक एकरांच्या शेतात स्ट्रेचरवर जखमी पडलेले होते. आलेल्या प्रत्येकाला वेळेत हात लावणं अशक्य होतं. कुणावर शस्त्रक्रिया करायची आणि कुणाला तसंच ठेवायचं, हे रांगेतून चालता चालता काही क्षणांत ठरवावं लागे. आज आम्ही याला ट्रायाज म्हणतो, त्याचे रंगीत पट्टे असतात, प्रशिक्षण असतं. रेल्वे अपघातानंतरची किंवा बसच्या अपघातानंतरची कॅज्युअल्टी मी पाहिली आहे. तिथेही हात थरथरतात. त्या शेतात तर हे दिवसच्या दिवस चाललं होतं. जखमींपैकी कुणी आपला नंबर आधी लावा म्हणून हट्ट धरला नाही, ही गोष्ट सॉमरव्हेल यांच्या मनात कायमची रुतली. युद्धातून ते शांततावादी होऊन परतले.

१९२२ मध्ये एव्हरेस्टवर चढाईच्या इराद्यानं पहिली ब्रिटिश मोहीम निघाली. त्यात ते गिर्यारोहक म्हणून गेले. तेव्हा नेपाळ परदेशीयांना बंद होता, म्हणून वाट तिबेटमधून, उत्तरेच्या बाजूनं. २० मे रोजी मॅलरी, नॉर्टन, मॉर्सहेड आणि सॉमरव्हेल असे चौघे शेर्पा आणि भोटिया भारवाहकांसह नॉर्थ कोल नावाच्या खिंडीतून वर निघाले. वाऱ्यानं हाल केले. बाकीच्यांनी वारा अडवणारे कपडे वेळेत चढवले, मॉर्सहेड यांनी मात्र ते उशिरा चढवले. तेवढ्या अवधीत अंगातली ऊब निघून गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी थोडंसं चढून त्यांनी हार मानली आणि ते तंबूत परतले. बाकी तिघे ऑक्सिजनच्या नळकांड्यांशिवाय २६,९८५ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ८,२२५ मीटरपर्यंत गेले. आठ हजार मीटरच्या वर माणूस पोहोचल्याची ही पहिली नोंद.

मॉर्सहेड यांचं काय झालं हे जरा थांबून पाहू, कारण ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. अंग गार पडू लागलं की शरीर आधी मेंदू, हृदय, यकृत यांचा बचाव करतं. त्वचेतल्या आणि बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रक्त आत वळतं. बोटं म्हणजे शरीराच्या हिशेबात दूरची वस्ती. टंचाई आली की पाणी आधी तिथलं तोडलं जातं. त्यात उंचीवर ऑक्सिजन कमी, पाणी प्यायला मिळत नाही म्हणून रक्त दाट, आणि दमलेला माणूस हालचाल थांबवून बसलेला. मग बोटांच्या पेशींमध्ये आणि पेशींच्या मधल्या जागेत पाण्याचे स्फटिक धरू लागतात. बोट आधी दुखतं, मग बधिर होतं, पांढरं मेणासारखं दिसतं. दुखायचं थांबलं म्हणून माणसाला बरं वाटतं, आणि घात तिथेच होतो.

उतरताना मॉर्सहेड यांना धड उभं राहवत नव्हतं. एका उतारावर एकजण घसरला आणि दोराला बांधलेले तिघे खाली ओढले गेले. सर्वांत पुढे असलेल्या मॅलरी यांनी क्षणात कुऱ्हाड बर्फात रोवून दोर तिच्याभोवती टाकला म्हणून चौघे वाचले. रात्री साडेअकराच्या सुमारास नॉर्थ कोलवरच्या तंबूत पोहोचले तर बर्फ वितळवायला भांडंच नव्हतं; ती खाली नेली गेली होती. घशाला कोरड पडलेली आणि आजूबाजूला डोंगरभर गोठलेलं पाणी. अखेर जॅम, गोठलेलं कंडेन्स्ड दूध आणि बर्फ कालवून त्यांनी ते गिळलं. दुसऱ्या दिवशी खालच्या छावणीत पोहोचल्यावर सॉमरव्हेल एका बैठकीत सतरा कप चहा प्याले म्हणतात. हा आकडा हसण्यावारी नेऊ नये. चोवीस तासांहून अधिक काळ जवळपास पाण्याशिवाय धापा टाकणाऱ्या शरीराची ती थकबाकी होती.

नॉर्टन यांचा एक कान सुजून वाकडातिकडा झाला, मॅलरी यांच्या बोटांना झळ बसली, मॉर्सहेड यांना तीन बोटांची टोकं गमवावी लागली. सॉमरव्हेल मात्र जवळजवळ धडधाकट उतरले. त्या काळी हिमदंश झालेला भाग बर्फानं चोळायची पद्धत होती. नेपोलियनच्या सैन्यातला प्रख्यात सर्जन लारे यानं रशियातली माघार पाहून तसा सल्ला दिला होता आणि शंभर वर्षांहून अधिक काळ डॉक्टरमंडळी तो गिरवत आली. तो चुकीचा आहे. गोठलेलं बोट चोळायचं नाही, शेकोटीवर धरायचं नाही. हाताला कोमट लागेल अशा, साधारण ३७ ते ३९ अंश सेल्सियस पाण्यात ते बुडवून ठेवायचं. आणि तेही पुन्हा गोठण्याची भीती नसेल तरच. वितळलेलं बोट पुन्हा गोठलं तर नुकसान दुप्पट होतं. काळं पडलेलं बोट लगेच कापायचीही घाई नसते, जिवंत भाग कुठे संपतो हे कळायला कित्येक आठवडे जातात. नातेवाईक घाबरून कापा म्हणतात तेव्हा त्यांना थांबवणं हे आमचं काम.

७ जून १९२२ रोजी ताज्या बर्फातून पुन्हा वर जाताना हिमप्रपात कोसळला. सॉमरव्हेल, मॅलरी आणि क्रॉफर्ड पुढच्या दोरावर होते, ते थोडक्यात बाहेर पडले. मागच्या दोरांवरचे नऊ भारवाहक बर्फाच्या कड्यावरून खाली फेकले गेले. दोघे वाचले, सात गेले. जोखीम ठरवणारे गोरे आणि मरणारे मजूर, हा हिशेब सॉमरव्हेल यांना असह्य झाला. आपल्यापैकी एखादा त्यांच्याबरोबर गेला असता तर निदान वाटणी बरोबरीची झाली असती, असं त्यांना वाटत राहिलं. गिर्यारोहणाच्या इतिहासात या सात जणांच्या वाट्याला फार कमी ओळी आल्या आहेत. सॉमरव्हेल यांनी पुढे जे केलं, ते या दिवसाला वगळून समजत नाही असं माझं मत आहे.

मोहीम संपल्यावर ते हिंदुस्थान पाहायला दक्षिणेकडे निघाले. तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात, कन्याकुमारीजवळ, नेय्यूर नावाच्या गावात लंडन मिशनरी सोसायटीचं इस्पितळ होतं. आज हे गाव तमिळनाडूत येतं. तिथे रुग्णांची रीघ आणि ती उरकायला एकटा थकलेला सर्जन. सॉमरव्हेल पाहुणे म्हणून आले आणि शस्त्रक्रियेला उभे राहिले. इंग्लंडला परतल्यावर लंडनच्या त्यांच्या मूळ रुग्णालयात मानाची वाट त्यांच्यासाठी खुली होती. ती सोडून १९२३ मध्ये ते नेय्यूरला कायमचे कामाला आले. खेड्यात बदली झाली की ती रद्द करण्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणारे आम्ही. आम्हाला हे वाचून थोडं ओशाळायला होतं, इतकंच सांगतो.

१९२४ च्या मोहिमेला ते नेय्यूरहूनच गेले. ही मोहीम सुरुवातीपासून दुखण्यांनी घेरलेली होती. प्रमुख जनरल ब्रूस हिवतापानं खचून वाटेतूनच परतले आणि नेतृत्व नॉर्टन यांच्याकडे आलं. मे महिन्यात हवा इतकी बिघडली की छावण्या रिकाम्या कराव्या लागल्या. पथकातला एक जवान, शमशेरपुन, मेंदूतल्या रक्तस्रावानं गेला. मान बहादुर हा मोहिमेचा चांभार. त्याचे दोन्ही पाय घोट्यांपर्यंत गोठले आणि तोही गेला. लोकांचे बूट सांधणारा माणूस पायांच्या हिमदंशानं जावा, याला काय म्हणायचं.

त्याच दिवसांत नॉर्थ कोलवर, सुमारे २३,००० फुटांवर, चार भारवाहक अडकून पडले. खालचा उतार ताज्या बर्फानं भरलेला, कधीही सुटेल असा. हिमप्रपाताच्या भीतीनं ते उतरेनात. २४ मे रोजी नॉर्टन, मॅलरी आणि सॉमरव्हेल त्यांना आणायला निघाले. तिघांचीही तब्येत ठीक नव्हती, सॉमरव्हेल यांचा घसा तर तेव्हाच खराब झालेला होता. दर काही पावलांना खोकल्याची उबळ येई. शेवटचा आडवा टप्पा त्यांनीच पुढे होऊन पार केला. सुमारे दोनशे फूट दोर होता, तो तीसेक फूट आधीच संपला. दोघे भारवाहक सावकाश त्यांच्यापर्यंत आले. उरलेले दोघे एकदम निघाले आणि त्यांच्या पायाखालचा बर्फ सुटला. ते घसरत कड्याच्या तोंडाशी जाऊन कसेबसे थांबले. सॉमरव्हेल यांनी त्यांना जागचं हलू नका म्हणून बजावलं, कुऱ्हाड बर्फात रोवली, कमरेचा दोर सोडून तिच्याभोवती गुंडाळला, दोराचं टोक एका हातात धरून दुसरा हात लांब केला आणि एकेकाची मानगूट पकडून दोघांना वर ओढलं. चौघांपैकी एकाचे हात हिमदंशानं खराब झाले होते, पण चौघेही जिवंत खाली आले. शिखराच्या दृष्टीनं पाहिलं तर या एका दिवसानं मोहिमेतल्या तीन सर्वोत्तम माणसांची उरलीसुरली ताकद खर्ची पडली. सात जणांना बर्फात सोडून आलेल्या माणसाला तो हिशेब करावासा वाटला नसेल.

दहा दिवसांनी, ३ जूनला, नॉर्टन आणि सॉमरव्हेल २६,८०० फुटांवरच्या सहाव्या छावणीत पोहोचले. इतक्या उंचीवर तंबू नेऊन ठेवणारे तिघे होते नोर्बू यिशांग, ल्हाकपा छेदी आणि सेमचुम्बी. त्यांची नावं मुद्दाम लिहितो. दुसऱ्या दिवशी पहाटे थर्मासचं बूच निघून रात्री करून ठेवलेलं पेय सांडलेलं आढळलं. पुन्हा बर्फ वितळवण्यात वेळ गेला. निघाले तेव्हा पावणेसात होत आले होते.

अंगावर काय होतं? नॉर्टन यांच्या पोशाखाचं वर्णन उपलब्ध आहे. जाड लोकरी बनियन आणि विजार, फ्लॅनेलचा सदरा, दोन स्वेटर, वारा अडवणारं सुती गॅबर्डिन, पायांना मऊ काश्मिरी पट्ट्या, फेल्टचे चामडी तळाचे बूट आणि डोक्याला मोटारसायकलवाल्यांची केसाळ अस्तराची टोपी. बुटांना खिळे बेताचेच मारलेले, कारण लोखंडी खिळा म्हणजे तळव्याची ऊब थेट बर्फात नेणारी वाट. आज पिसांचे जाड कोट घालून जाणाऱ्यांना हा वेष पाहून हसू येईल. पण थरावर थर आणि वर वारा अडवणारं आवरण, हे तत्त्व आजही तेच आहे. तरी नॉर्टन इतके थरथरू लागले की आपल्याला मलेरियाची थंडी वाजून आली की काय, असं त्यांना वाटलं. त्यांनी नाडी मोजली. चौसष्ट. एरवी त्यांची नाडी चाळीसच्या आसपास असायची, त्यामुळे ही त्यांच्या मानानं जलदच. पण ताप नव्हता, निव्वळ थंडी होती.

सॉमरव्हेल यांना एका पावलामागे सात ते दहा पूर्ण श्वास घ्यावे लागत होते, आणि वीस-तीस यार्डांनंतर मिनिट-दोन मिनिटं बसावं लागत होतं. हा आकडा डोळ्यांसमोर आणा. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडासाच जास्त असतो. एका श्वासात येणारा ऑक्सिजन तेवढाच तुटपुंजा, म्हणून श्वासांची संख्या वाढवायची. नाकातून इतकी हवा ओढता येत नाही, तोंड उघडावंच लागतं. गोम तिथे आहे. नाक हे नुसतं भोक नाही. आतल्या वळणदार हाडांवरची ओलसर त्वचा येणारी हवा तापवते, भिजवते आणि जाणाऱ्या हवेतली थोडी ऊब-ओल परत राखून घेते. तोंडाला ही सोय नाही. हिमशिखरावरच्या हवेत बाष्प जवळजवळ नसतंच. ती फुप्फुसात पोहोचेपर्यंत ३७ अंशांवर आणून पुरती ओली करायची जबाबदारी घशावर आणि श्वासनलिकेवर पडते. मिनिटाला साठ लिटर हवा आत-बाहेर होते असं धरलं, तर नुसत्या श्वासातून तासाला शंभर मिलिलिटरहून अधिक पाणी निघून जातं. आठ-दहा तासांत लिटरभर. आणि प्यायला थर्मासभर पेय, तेही पहाटे सांडलेलं.

घशाचं अस्तर हा ओला राहणारा भाग आहे. तो वाळला की त्यावरचे सूक्ष्म केस चिकटतात, पेशी मरतात, खाली सूज येते, वर चिकट द्रवाची खपली धरते. खोकल्यानं ती सोलली जाते, खालचा भाग उघडा पडतो, पुन्हा गार हवा. दोन-तीन आठवडे हे चक्र चाललं की काय होईल? सॉमरव्हेल यांनी स्वतः निदान केलं ते स्वरयंत्राच्या हिमदंशाचं. इतक्या वर्षांनी, रुग्णाला न तपासता, दुसऱ्या डॉक्टरचं निदान दुरुस्त करणं हा आगाऊपणा आहे; तरी मला वाटतं की तिथपर्यंत पोहोचेतो हवा थोडी तापलेली असते, त्यामुळे गोठण्यापेक्षा वाळण्याचा आणि सुजेचा वाटा अधिक असावा. परिणाम मात्र एकच होता. आतलं अस्तर मेलेलं होतं आणि सुटायला आलं होतं.

दुपारी बाराच्या सुमारास, २८,००० फुटांच्या जवळ, सॉमरव्हेल थांबले. आपण आता ओझं झालो आहोत हे त्यांनी ओळखलं आणि नॉर्टन यांना एकट्यानं पुढे जायला सांगितलं. खडकावर बसून त्यांनी पुढे जाणाऱ्या नॉर्टन यांचं छायाचित्र टिपलं. नॉर्टन तासाभरानं २८,१२६ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ८,५७३ मीटरपर्यंत पोहोचून वळले. खडकांवर नीट दिसावं म्हणून त्यांनी चश्मा काढला होता, त्याची किंमत पुढे मोजावी लागली. नळकांड्यातल्या ऑक्सिजनशिवाय याहून वर गेल्याची खात्रीची नोंद व्हायला १९७८ साल उजाडावं लागलं, मेसनर आणि हाबेलर यांच्या वेळी.

उतरताना सॉमरव्हेल यांच्या हातून कुऱ्हाड निसटली आणि खाली दिसेनाशी झाली. संध्याकाळ झाली. २५,००० फुटांच्या आसपास, वाट सोपी झाली म्हणून दोघांनी दोर सोडला होता. नॉर्टन पुढे, सॉमरव्हेल मागे. खोकल्याची उबळ आली, घशात काहीतरी सुटलं आणि आडवं बसलं. श्वास आत जाईना, बाहेर येईना. हाक मारायला आवाज नाही, ओढायला दोर नाही. नॉर्टन अंधारात पुढे जात राहिले. सॉमरव्हेल सूर्यास्ताचं चित्र काढायला थांबले असतील असं त्यांना वाटलं, कारण ती त्यांची सवयच होती.

सॉमरव्हेल बर्फात खाली बसले. मरण आलं हे सर्जन म्हणून त्यांना स्पष्ट कळलं होतं. श्वासमार्ग पूर्ण बंद झाला की साध्या गावातसुद्धा माणसाकडे काही मिनिटं असतात; त्या उंचीवर रक्तात शिल्लक ऑक्सिजनच नाही, तिथे मिनिटंही नव्हती. त्यांनी दोन्ही हात छातीवर ठेवले आणि होती नव्हती ती ताकद लावून एकदा दाबलं. अडकलेला गोळा तोंडात आला. त्यामागून थोडं रक्त. तो स्वरयंत्राच्या आतला सुटलेला पापुद्रा होता. वेदना भयंकर, पण कित्येक दिवसांत आला नव्हता असा मोकळा श्वास आला. ते उठले आणि चालू लागले.

घास अडकून गुदमरणाऱ्याच्या बेंबीच्या वर मूठ दाबून फुप्फुसातली हवा जोरात बाहेर काढायची युक्ती आज आम्ही शाळांमध्येही शिकवतो. ती हाइमलिक या अमेरिकन सर्जनच्या नावानं ओळखली जाते आणि त्यांनी ती १९७४ मध्ये मांडली. फुप्फुसात उरलेली हवा दाबून अडथळा बाहेर फेकायचा, हेच तत्त्व पन्नास वर्षं आधी एका अर्धमेल्या माणसानं अंधारात स्वतःवर वापरलं. जाता जाता सांगतो: घरात एकटे असताना घास अडकला तर खुर्चीच्या पाठीवर किंवा ओट्याच्या कडेवर पोटाचा वरचा भाग जोरात दाबावा. फोन शोधत बसू नये, बोलता येणार नाही.

रात्री साडेनऊच्या सुमारास दोघे नॉर्थ कोलजवळ आले. मॅलरी आणि ओडेल समोर आले, त्यांनी ऑक्सिजन आणल्याचं ओरडून सांगितलं. या दोघांना तो नको होता, पाणी हवं होतं. त्या रात्री नॉर्टन यांचे डोळे गेले. बर्फावरून परावर्तित होणारे अतिनील किरण बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतात, दुखणं काही तासांनी सुरू होतं, डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं. दोन-अडीच दिवस ते आंधळे होते आणि मग दृष्टी परत आली. सॉमरव्हेल खाली उतरले. त्याआधी त्यांनी आपला खिशातला छोटा कोडॅक कॅमेरा मॅलरी यांच्याकडे दिला. मॅलरी आणि आयर्विन ८ जूनला दिसेनासे झाले. मॅलरी यांचा देह १९९९ मध्ये सापडला. कॅमेरा त्याच्यासोबत नव्हता.

याच मोहिमेत सॉमरव्हेल यांनी सुमारे सात हजार मीटरवर स्वतःच्या उच्छ्वासातल्या हवेचे नमुने गोळा केले होते आणि १९२५ मध्ये शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात त्यावर छोटं टिपण छापलं. नमुने साठवायची साधनं प्राथमिक होती, त्यामुळे आकडे पुढे फारसे टिकले नाहीत. पण घसा सोललेला असताना हवेच्या पिशव्या भरत बसणाऱ्या माणसाचा स्वभाव त्यातून कळतो.

१९२४ नंतर ते एव्हरेस्टवर परत गेले नाहीत. १९२५ मध्ये लग्न झालं, तीन मुलगे झाले आणि नेय्यूरची रांग होतीच. त्या भागात जठराचे आणि ग्रहणीचे व्रण फार. पोटदुखीनं वाळून गेलेली, अन्न पुढे सरकत नाही म्हणून रोज उलटी करणारी माणसं मैल न् मैल चालत येत. जठरावरच्या शस्त्रक्रियांत सॉमरव्हेल यांनी इतका अनुभव मिळवला की त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. या व्रणांमागे बहुतेक वेळा एक जिवाणू असतो आणि तो औषधानं जातो, हे समजायला १९८० चं दशक यावं लागलं. तोवर चाकू हाच उपाय होता, आणि तो चालवायला तिथे कुणीतरी असणं गरजेचं होतं. कुष्ठरुग्णांवरही त्यांनी काम केलं. बधिर बोटं, न कळता झालेल्या जखमा, झडलेली टोकं. हिमदंश पाहिलेल्या सर्जनला ती ओळखीची वाटली असतील.

१९४९ ते १९६१ ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रिया शिकवत होते. मग इंग्लंडला परतले, काही वर्षं अल्पाइन क्लबचे अध्यक्ष होते, डोंगरांची चित्रं काढत राहिले. २३ जानेवारी १९७५ रोजी लेक डिस्ट्रिक्टमधल्या अँबलसाइड इथे ते गेले, वयाच्या ८४ व्या वर्षी.

आमचा बरगडी मोडलेला तरुण सहा आठवड्यांनी बरा झाला. औषध म्हणाल तर वाफ, भरपूर पाणी, वेदनाशामक आणि वेळ. पुढच्या ट्रेकला जाताना त्यानं नाका-तोंडावरून गुंडाळायला एक पातळ लोकरी पट्टा घेतला. सोडलेल्या श्वासातली ओल त्यात राहते आणि पुढचा श्वास जरा भिजून, जरा कोमट होऊन आत येतो. धाप लागून तोंड उघडावं लागलं की वेग कमी करायचा, आणि तहान लागायच्या आधी घोट घ्यायचा, हेही त्यानं चिठ्ठीवर लिहून नेलं. परत आला तेव्हा खोकत होता, पण कमी.